पराभव मल्लाचा, परीक्षा वस्तादाची

२ फेब्रुवारी २०२५ या रविवारी अहिल्यानगरच्या वाडिया पार्क मैदानावर महाराष्ट्र केसरी किताबाचा निकाल लागला आणि त्या निकालापेक्षा पराभवाचीच चर्चा महाराष्ट्रभर अधिक झाली. गादी विभागाच्या अंतिम लढतीत पुण्याच्या पृथ्वीराज मोहोळने शिवराज राक्षेला चितपट केल्याचा निर्णय पंचांनी दिला. आपले दोन्ही खांदे टेकलेच नव्हते, असा राक्षेचा दावा होता. वादावादी वाढत गेली, पंचांची कॉलर पकडली गेली आणि अखेर दोन वेळच्या महाराष्ट्र केसरीने पंचांना लाथ मारली. हा प्रकार कमी म्हणून की काय, त्याच संध्याकाळी किताबाच्या लढतीत सोलापूरच्या महेंद्र गायकवाडने एका गुणाच्या वादातून, अवघी काही सेकंद उरली असताना आखाडा सोडला. मोहोळ विजयी घोषित झाला. राक्षे आणि गायकवाड या दोघांनाही राज्य कुस्तीगीर संघाने तीन वर्षांसाठी निलंबित केले.

त्यानंतर जे व्हायचे तेच झाले. वृत्तवाहिन्यांवर ती लढत संथ गतीने पुन्हा पुन्हा दाखविण्यात आली, खांदा टेकला की नाही यावर गावोगावच्या पारांवर मतदान झाले, चौकशी समिती नेमली गेली आणि राजकारण्यांनीही आपापली मते नोंदविली. सांगलीचे चंद्रहार पाटील हे २००७ आणि २००८ चे महाराष्ट्र केसरी. २००९ मध्ये आपल्यावरही असाच अन्याय झाला होता, असे सांगत त्यांनी दोन्ही गदा परत करण्याची भाषा केली. त्यांच्या म्हणण्यातील तथ्य तपासण्याचे हे स्थळ नव्हे. परंतु सोळा वर्षांपूर्वीचा पराभव एखाद्या मल्लाच्या मनात इतका ताजा राहू शकतो, ही बाब मात्र या साऱ्या गदारोळात कोणी फारशी लक्षात घेतली नाही.

निर्णय बरोबर होता की चूक, हा प्रस्तुत लेखाचा विषय नाही. विषय आहे तो त्या निर्णयानंतरच्या काही मिनिटांचा आणि त्या मिनिटांत मल्लाच्या पाठीशी उभ्या असलेल्या माणसाचा. पंच चुकू शकतो, हे गृहीत धरूनच आजच्या कुस्तीचे नियम बनले आहेत. चितपटीचा निर्णय एकट्या पंचाने देऊन चालत नाही. त्याला सहपंचाची किंवा मॅट चेअरमनची मान्यता लागते. गुणांबाबत हरकत असेल, तर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार कोपऱ्यात बसलेल्या प्रशिक्षकाने काही सेकंदांत स्पंजचा ठोकळा आखाड्यात टाकायचा आणि चित्रफितीची तपासणी मागायची. हरकत फेटाळली गेली, तर प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. मल्लाची इच्छा नसेल, तर तो प्रशिक्षकाची हरकत नाकारूही शकतो. थोडक्यात, संताप व्यक्त करण्याचा अधिकार नियमांनी मल्लाच्या हातून काढून प्रशिक्षकाच्या हाती सोपविला आहे आणि त्या संतापाची किंमतही ठरवून दिली आहे. रागाच्या भरात ठोकळा टाकणारा प्रशिक्षक आपल्याच मल्लाचा एक गुण घालवतो. कोपऱ्यातील माणसाचे डोके थंड असले पाहिजे, ही अपेक्षा यात अनुस्यूत आहे.

ही अपेक्षा आपल्या तालमींमध्ये कितपत पुरी होते? प्रश्न अवघड आहे, कारण महाराष्ट्रातील वस्ताद हा केवळ प्रशिक्षक नसतो. बारा-तेरा वर्षांचा मुलगा घर सोडून तालमीत येतो, तेव्हा त्याच्या खुराकाची, झोपेची, शाळेची, दुखापतीची आणि अनेकदा पैशाचीही काळजी वस्तादच वाहतो. पोराला पैलवान करायचे म्हणून म्हैस विकणारा, प्रसंगी जमिनीवर कर्ज काढणारा बाप वस्तादाच्या शब्दावर विसंबून असतो. अशा नात्यात विजय दोघांचा असतो, तसा पराभवही. शिष्याच्या गदेवर तालमीचे नाव, नव्या मुलांचा ओघ आणि देणगीदारांचा हात अवलंबून असतो. विजेत्या मल्लाला मोटार मिळते, पोलीस दलात अधिकारी होण्याची वाट मोकळी होऊ शकते. सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी ठरलेले नरसिंग यादव आणि विजय चौधरी हे दोघेही पोलीस उपअधीक्षक झाले, हे तालमीतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते. तेव्हा पंचाचा हात प्रतिस्पर्ध्याच्या बाजूने वर जातो, त्या क्षणी वस्तादाचेही बरेच काही गमावलेले असते. ज्याचे स्वतःचे नुकसान झाले आहे, त्यानेच दुसऱ्याला शांत करावे, असे आपण म्हणत असतो. ही मागणी सोपी नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

तरीही ती करावीच लागते. कारण ‘तुझ्यावर अन्याय झाला’ हे वाक्य खरे असले, तरी ते मल्लाच्या पुढच्या कुस्तीच्या काहीच उपयोगाचे नसते. खांदा टेकला की नाही, याचा वाद निर्माण होतो तो मल्ल धोक्याच्या स्थितीत गेला म्हणूनच. तेथवर तो कसा गेला, पकड कुठे सैल झाली, पाय कुठे उघडा पडला, हा वस्तादाचा प्रश्न आहे. पंचाची चूक सिद्ध झाली, तरी तो प्रश्न शिल्लक राहतो आणि पंचाच्या नावाने बोटे मोडण्यात महिना गेला, तर तो विचारलाच जात नाही. पराभवाचे सगळे कारण बाहेर शोधणारा प्रशिक्षक शिष्याला दिलासा देतो खरा, पण त्याच्या हातून सुधारण्याचे साधनही काढून घेतो. याच्या उलट टोकालाही आपल्याकडे तोटा नाही. हरलेल्या पोराला चारचौघांत घालूनपाडून बोलणारे, दुसऱ्या दिवशी दुप्पट जोर-बैठका मारायला लावणारे वस्ताद आणि महाविद्यालयांतील क्रीडाशिक्षक सर्वांनी पाहिले आहेत. थकलेल्या शरीराकडून शिक्षा म्हणून करवून घेतलेली मेहनत दुखापतीला आमंत्रण देते आणि मनात बसते ती हरण्याची भीती. भीतीने खेळणारा मल्ल डाव टाकत नाही. तो फक्त गुण वाचवत बसतो.

या संदर्भात अहिल्यानगर जिल्ह्याचेच दुसरे एक उदाहरण आठवते. अकोले तालुक्यातील कोंभाळणे या गावचा हर्षवर्धन सदगीर ७ जानेवारी २०२० रोजी पुण्याच्या बालेवाडीत नाशिककडून लढत महाराष्ट्र केसरी झाला. अंतिम लढतीत त्याने लातूरच्या शैलेश शेळकेवर ३-२ अशी, म्हणजे अवघ्या एका गुणाने मात केली. विशेष म्हणजे दोघेही काका पवार यांच्या तालमीतले. लढत संपल्यावर सदगीरने शेळकेला खांद्यावर उचलून घेतले आणि मैदानाला फेरी मारली. दुसऱ्या दिवशी बहुतेक वृत्तपत्रांत हेच छायाचित्र होते. त्या छायाचित्राचे कौतुक ‘खिलाडूवृत्ती’ या ठरावीक शब्दाने झाले. पण त्यात पाहण्यासारखे याहून अधिक काही आहे. एकाच आखाड्यात रोज एकमेकांशी लढणारी दोन मुले, एकाची गदा आणि दुसऱ्याचा पराभव, आणि दोन्ही एकाच वस्तादाच्या घरात. अशा वेळी वस्तादाला पंचावर किंवा प्रतिस्पर्ध्यावर खापर फोडण्याची सोयच उरत नाही. तालमीत परतल्यावर एकाला हवेत जाऊ द्यायचे नाही आणि दुसऱ्याला खचू द्यायचे नाही, ही दोन्ही कामे त्याला एकाच दिवशी करावी लागतात. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवच्या अंतिम लढतीत हाच सदगीर राक्षेकडून पराभूत झाला, म्हणजे खांद्यावर घेणाऱ्यालाही पराभवाची पाळी चुकली नाही.

आणि येथेच वाडिया पार्कच्या घटनेतील विरोधाभास डोळ्यांत भरतो. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात राक्षेने ज्याला मिनिटभराच्या आत अस्मान दाखवून पहिली गदा मिळविली, तो प्रतिस्पर्धी महेंद्र गायकवाडच होता. तेव्हा हे दोघेही काका पवार यांचेच शिष्य. त्या स्पर्धेत माती विभागात सिकंदर शेखविरुद्ध गायकवाडला मिळालेल्या चार गुणांवरून मोठे वादळ उठले होते. तेव्हा पंचांच्या निर्णयाचा लाभ ज्याला झाला, असे लोक म्हणत होते, त्यालाच दोन वर्षांनी पंचांचा निर्णय असह्य व्हावा, याला काय म्हणावे? वादग्रस्त निर्णय प्रत्येक मल्लाच्या वाट्याला कधी अनुकूल तर कधी प्रतिकूल येतातच. अनुकूल निर्णयाच्या दिवशी ‘तो डाव पूर्ण बसला नव्हता, पुढच्या वेळी पूर्ण बसव’ असे शिष्याला बजावणारा वस्तादच प्रतिकूल दिवशी त्याला आवरू शकतो. सिकंदर शेखने त्या पराभवानंतर दहा महिन्यांनी फुलगावला राक्षेलाच हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली.

पराभवानंतरच्या काळाचा उपयोग कसा होतो, हे पाहायचे तर कुस्तीबाहेर जाऊन याच जिल्ह्यातील श्रीरामपूरच्या झहीर खानकडे पाहावे. २३ मार्च २००३ रोजी जोहान्सबर्गला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याच्या पहिल्याच षटकात नो-बॉल आणि वाईडसह १५ धावा गेल्या. त्या दिवशी ७ षटकांत ६७ धावा आणि बळी एकही नाही. त्या स्पर्धेत १८ बळी मिळविलेल्या गोलंदाजाचा हा अंतिम सामना लोकांच्या लक्षात राहिला तो त्या षटकामुळे. पुढे दुखापती आल्या, संघातील जागा गेली. २००६ च्या हंगामात तो इंग्लंडमध्ये वुस्टरशायरकडून खेळायला गेला आणि तेथे काउंटी क्रिकेटमध्ये त्याने ७८ बळी घेतले. धाव आखूड केली, वेगाचा हट्ट सोडला, चेंडू दोन्ही बाजूंना वळविण्यावर भर दिला. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडेवर तो पुन्हा अंतिम सामन्यात पहिला स्पेल टाकायला आला, तेव्हा त्याने सलग तीन षटके निर्धाव टाकली आणि पाच षटकांत ६ धावा देऊन एक बळी घेतला. मधली आठ वर्षे त्याने जोहान्सबर्गचे षटक विसरण्यात घालविली की आठवण्यात, हे तोच जाणे. पण त्याची गोलंदाजी बदलली, हे आकड्यांत दिसते. मनोधैर्य, जिद्द वगैरे शब्द आपण सैलपणे वापरतो. प्रत्यक्षात मनोधैर्य परत येते ते बहुतेक वेळा तंत्रातील एखादी छोटी दुरुस्ती यशस्वी झाल्यामुळे. हरलेल्या मुलाला भाषण देण्यापेक्षा करता येण्याजोगे एक काम देणारा प्रशिक्षक म्हणूनच अधिक उपयोगी ठरतो.

कोपऱ्यातील माणूस नसला तर काय होते, याचे उदाहरण मात्र मराठी कुस्तीच्या सर्वांत उज्ज्वल पानावरच आहे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी खाशाबा जाधवांकडे पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तेथे जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ झुंज झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशी लढायला सांगण्यात आले. दोन लढतींमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती नियमाने मिळायला हवी होती. परंतु तो नियम दाखवून हरकत घेणारा एकही भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा हरले. इशीला सुवर्ण, मामेदबेकोव्हला रौप्य आणि खाशाबांना कांस्य मिळाले. ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणून आपण त्याचा गौरव करतो आणि तो योग्यच आहे. पण अन्याय झाल्यास काय करायचे, याचे भान असलेला एक माणूस तेव्हा सोबत असता तर, ही रुखरुख त्या पदकाला चिकटलेली आहे. वाडिया पार्कवर माणसांची वाण नव्हती. आखाड्याभोवती गर्दी तर गरजेपेक्षा जास्तच होती.

वाडिया पार्कनंतर दोन महिने उलटण्याच्या आत, मार्च २०२५ च्या अखेरीस, याच जिल्ह्यातील कर्जतला दुसऱ्या संघटनेची महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली आणि सोलापूरच्या वेताळ शेळकेने गदा पटकाविली. एकाच हंगामात, एकाच जिल्ह्यात, एकाच नावाचे दोन किताब! संघटनांच्या भांडणाचा हा परिणाम आहे आणि त्यात मल्लांचा दोष नाही. मात्र पंच कोणाचे, नियम कोणाचे आणि निलंबन कोणाला लागू, याबद्दलच जेथे एकमत नाही, तेथे वस्तादाने शिष्याला ‘निर्णय मान्य कर’ असे कोणत्या तोंडाने सांगावे?

संघटना एकत्र येतील तेव्हा येतील. तोपर्यंत आयोजकांना करता येण्याजोगी एक गोष्ट आहे. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मल्लांची वजने होतात, त्याच वेळी कोपऱ्यात बसणाऱ्या प्रत्येक वस्तादाला बोलावून हरकतीची पद्धत समजावून सांगावी, लढत रेकॉर्ड होणार असेल तर ती कोणाला, कधी पाहता येईल हे लेखी द्यावे आणि आखाड्यात प्रत्येक मल्लामागे एकच जबाबदार माणूस राहील, बाकीचे कठड्याबाहेर, असा नियम कडकपणे पाळावा. शिष्याने पंचावर हात टाकला, तर त्या एका माणसालाही जाब द्यावा लागेल, हेही तेव्हाच सांगून टाकावे. गदा, मोटारी आणि भव्य व्यासपीठ यांवर होणाऱ्या खर्चात या तासाभराच्या बैठकीचा खर्च कोणाच्या लक्षातही येणार नाही.