करड्या ठिपक्यामागचं नाव

'ईस्टर एग' हा शब्द तुम्ही ऐकला असेल. गेममध्ये, सिनेमात, ॲपमध्ये लपवलेली एखादी गंमत. सापडली की स्क्रीनशॉट काढायचा, ग्रुपवर टाकायचा, संपलं. माझं म्हणणं असं की या गोड शब्दानं आपल्याला गंडवलंय. ज्या प्रकरणातून तो गेमच्या दुनियेत आला, ती गंमत नव्हती. ती तक्रार होती.

वॉरन रॉबिनेट १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीत लागला. तेव्हा एक गेम म्हणजे एक माणूस. कल्पना त्याची, चित्रं त्याची, आवाज त्याचे, कोड त्याचा. मशीन होतं अटारी २६००, आणि त्याची रॅम १२८ बाइट. किलोबाइट नाही, बाइट. हा परिच्छेदसुद्धा त्यात मावणार नाही.

रॉबिनेटनं मोठ्या कॉम्प्युटरवर चालणारा, निव्वळ मजकुराचा 'कोलोसल केव्ह ॲडव्हेंचर' हा गेम खेळला होता. असंच भटकणं टीव्हीवर, जॉयस्टिकनं करता यावं, असं त्याच्या डोक्यात आलं. वरिष्ठ म्हणाले, जमणार नाही, नाद सोड. त्यानं सोडला नाही. चार किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये त्यानं तीस खोल्या बसवल्या. किल्ले, चाव्या, तलवार आणि बदकासारखे दिसणारे तीन ड्रॅगन बसवले. शिवाय वस्तू पळवणारं एक वटवाघूळ, जे तुम्ही दुसऱ्या खोलीत असतानाही आपला उद्योग चालूच ठेवतं. एकाच पडद्यावर चेंडू टोलवण्याच्या त्या काळात खेळाडूच्या नजरेआड चालू राहणारं जग त्यानं उभं केलं.

'ॲडव्हेंचर'च्या दहा लाखांहून जास्त प्रती खपल्या. किंमत साधारण २५ डॉलर. हिशेब तुम्हीच करा. रॉबिनेटचा पगार होता वर्षाला सुमारे २२ हजार डॉलर. रॉयल्टी शून्य. डब्यावर नाव अटारीचं.

म्हणून त्यानं काळ्या किल्ल्यातल्या एका बंदिस्त कोपऱ्यात एकाच पिक्सेलचा करडा ठिपका ठेवला, पार्श्वभूमीच्याच रंगाचा. तो शोधून ठरावीक जागी नेला की भिंत ओलांडता येते. पलीकडच्या खोलीत चमचमत्या अक्षरांत लिहिलेलं असतं, हा गेम वॉरन रॉबिनेटनं बनवला. हे त्यानं कुणालाही सांगितलं नाही. गेम सोपवला आणि नोकरी सोडली. पुढे यूटामधल्या एका मुलाला ती खोली सापडली आणि त्यानं कंपनीला पत्र पाठवलं. तोवर कोड लाखो चिपांमध्ये कोरला गेला होता. तो बदलण्याचा खर्च बघून कंपनीनं पवित्रा बदलला. असं काहीतरी लपवणं म्हणजे ईस्टरची अंडी, मुलांना शोधायला मजा येते, आपण मुद्दामच ठेवू!

बघा, काय सफाई आहे. एका माणसानं न मिळालेलं श्रेय भिंतीमागे कोरून ठेवलं आणि कंपनीनं तेच मार्केटिंगचं फीचर करून टाकलं.

रॉबिनेट पहिलाच होता का, यावर जाणकार वाद घालतात. १९७८ च्या 'व्हिडिओ व्हिझबॉल' या दुसऱ्या कंपनीच्या गेममध्येही प्रोग्रामरनं आपलं आडनाव लपवल्याचं नंतर उघड झालं. मला तो वाद महत्त्वाचा वाटत नाही. वेगवेगळ्या इमारतींत बसलेल्या माणसांना तेच सुचतं, तेव्हा तो एकाचा खोडकरपणा नसतो. सगळ्यांचं दुखणं एकच असतं.

त्याच सुमारास अटारीतले डेव्हिड क्रेन आणि त्याचे तीन सहकारी साहेबांकडे श्रेय आणि वाटा मागायला गेले होते. क्रेननं पुढे अनेकदा सांगितलंय की उत्तर साधारण असं मिळालं : कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगारापेक्षा तुम्ही काही जास्त महत्त्वाचे नाही. चौघे बाहेर पडले आणि १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन उभी राहिली. तिथं गेमबरोबर बनवणाऱ्याचं नाव आणि फोटो छापला जाई. अटारीतून बाहेर पडलेल्या कॅरोल शॉचा 'रिव्हर रेड' १९८२ मध्ये तिथूनच तिच्या नावानिशी आला. नाव छापल्यानं ॲक्टिव्हिजन बुडाली नाही. चांगलीच चालली.

(मला त्या उत्तरातली खरी चूक वेगळीच वाटते. कार्ट्रिज जोडणाऱ्या कामगाराचं नाव तरी कुठे होतं?)

आता माझं सांगते. अडीच वर्षं मी हिशेब जुळवणाऱ्या एका मॉड्यूलवर काम केलं. मध्यरात्रीचे फोन घेतले, दिवाळीत लॅपटॉप घेऊन गावी गेले. मग कोड क्लायंटच्या सर्व्हरवर हलवला गेला. हलवताना जुना इतिहास पुसून सगळ्या ओळी एका सामाईक खात्याच्या नावावर चढल्या. मी विचारलं तर उत्तर आलं, 'पगार मिळतोय ना?' ज्या गिटमध्ये माझं नाव उरलं असतं, तिथं 'ही ओळ कुणी लिहिली' हे बघायच्या कमांडचं नाव आहे 'ब्लेम'. दोष द्यायचा असला की आमची नावं लागतात.

पगाराचा मुद्दा मला मान्य आहे. पण पगार हे कामाच्या तासांचं मोल झालं. 'हे कुणी केलं' हा प्रश्न त्यानं मिटत नाही. दुसरा युक्तिवाद येतो टीमचा. आज शेकडो लोक मिळून एक गोष्ट बनवतात, कुणाकुणाची नावं घालणार? सगळ्यांची घाला. मराठी सिनेमाच्या शेवटी चहा देणाऱ्या स्पॉटबॉयचंही नाव येतं. गेममध्येही श्रेयनामावली असते, पण गेम बाजारात येण्याआधी नोकरी सोडली म्हणून वर्षानुवर्षं राबलेल्यांची नावं आजही गाळली जातात. जागा नसते म्हणून नव्हे. निघून गेलेल्याला धडा शिकवायचा असतो म्हणून.

आमच्या घरी आजीची पितळी भांडी आहेत. प्रत्येकावर नाव कोरलेलं आहे, देणाऱ्याचं. सप्रेम भेट, अमुक तमुक. भांडं ठोकून घडवणाऱ्या माणसाचं नाव एकावरही नाही. ही सवय आपल्याला जुनीच आहे, म्हणून ऑफिसात ती खटकत नाही.

रॉबिनेट नंतर स्वस्थ बसला नाही. त्यानं 'द लर्निंग कंपनी' उभी करण्यात भाग घेतला. तिथं 'रॉकीज बूट्स' या गेममधून मुलांना लॉजिक गेट शिकवले, मी इंजिनिअरिंगला शिकले तेच. पण त्याचं नाव आज आपल्याला माहीत आहे ते त्यानं स्वतः लपवून ठेवलं म्हणून. ज्यांनी लपवलं नाही, ते गेले.

म्हणून पुढच्या अप्रेझलला पगारवाढीच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहा : प्रॉडक्टच्या 'अबाउट' पानावर टीममधल्या प्रत्येकाचं नाव हवं, सोडून गेलेल्यांचंसुद्धा. मी लिहिली आहे. अजून उत्तर आलेलं नाही.