हिशेबाची वही कुणाच्या खिशात?

दोस्तांनो, कल्याण-डोंबिवलीच्या २७ गावांचं भांडण आपलं नाही, असं कसाऱ्यात बसून म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांची महापालिका, त्यांची घरपट्टी, आपल्याला काय घेणं? घेणं आहे. एकाच रेल्वेलाईनवर बसलोय आपण. आज जे कल्याणला होतं ते वासिंद-आसनगावला इमारती चढवत आपल्याकडेच सरकतंय.

आधी घडलं काय ते बघा. १९८३ साली महापालिका झाली, ही गावं तिच्यात घातली. २००२ साली बाहेर काढली. २०१५ साली पुन्हा आत घेतली. मार्च २०२० मध्ये त्यातली १८ गावं तोडून कल्याण उपनगर नगरपरिषद जाहीर केली. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला. ३७ वर्षांत या १८ गावांची पाच वेळा ने-आण! बैल विकतानासुद्धा लोक दात बघतात. इथं माणसांना कुणी विचारलं?

हद्द बदलायची तर सरकारनं महापालिकेशी विचारविनिमय करावा, असं १९४९ चा कायदा सांगतो. आणि वस्तीनं काय करायचं? हरकती-सूचना. अर्ज द्या, पोच घ्या, घरी जा.

आमचं म्हणणं साधं आहे. वेगळं व्हायचं की राहायचं ते नंतर. आधी हिशेब मांडा. गावातून किती कर गेला, किती परत आला? तुटल्यावर पाणी कोण देणार? कचरा कुणाच्या दारात पडणार? कंत्राटी सफाई कामगारांचे पगार कुणाच्या गळ्यात? या अभ्यासाला सरकारी तिजोरीतून पैसा द्या, आणि आकडे चावडीवर लावा.

तिकडे अमेरिकेत लॉस एंजेलिस शहरातून सॅन फर्नांडो व्हॅली फुटायला निघाली होती. आधी व्हॅलीतल्या पंचवीस टक्के मतदारांच्या सह्या लागल्या. मग सरकारी आयोगानं जमाखर्च तपासला आणि सांगितलं, वेगळे व्हाल तर शहराला दरवर्षी पैसे मोजावे लागतील. मग ५ नोव्हेंबर २००२ ला मतदान झालं. व्हॅलीनं निसटतं हो म्हटलं, सबंध शहरानं नाही म्हटलं. बेत बारगळला. पटो न पटो, आधी हिशेब आणि मग मत, हा क्रम तरी तिथं पाळला गेला.

पण नुसता अभ्यास म्हणून भागत नाही. पैसा कोण देतो? बिल्डरनं दिला तर अभ्यासात जमिनीचा भाव सापडेल, बौद्धवाड्यातला तुंबलेला नाला सापडणार नाही. सरपंचाच्या गोतावळ्यानं दिला तर गावाची अस्मिता सापडेल, कातकरवाडीचा रस्ता सापडणार नाही. ज्याचा पैसा त्याचा आकडा. १९५५ साली भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी हाच सवाल टाकला होता: नव्या हद्दीच्या आत कुठली मोठी जात कुणाच्या डोक्यावर बसणार? राज्याला लागू तो सवाल नगरपरिषदेला लागू नाही काय? शहराच्या तावडीतून सुटून पाटलाच्या वाड्यावर जायचं असेल तर त्याला स्वातंत्र्य म्हणू नका.

आता आपल्या दाराशी या. १ ऑगस्ट २०१४ ला ठाणे जिल्हा तोडला. आठ तालुके पालघरात गेले, सात ठाण्यात उरले. शहापूर आणि मुरबाड शहरांच्या दावणीला राहिले. शहापुरात भातसा, शहापुरात तानसा. मुंबईच्या पाण्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि धरणाच्या अंगणातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंडे रांगेत. हे देणं कुठल्या वहीत लिहिलंय?

शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानं ग्रामसभेला जे थोडंफार बोलायचं बळ दिलं ते पंचायतीपुरतं. उद्या गावाची नगरपंचायत झाली की ते बळ गेलं. शहापूर गावाची २०१५ मध्ये झालीच आहे. उद्या तुमच्या गावात कुणी विकासाचा नकाशा घेऊन आला तर पहिला प्रश्न हाच विचारा: आमची ग्रामसभा यात कुठं दाखवलीय?

म्हणून मागणी स्पष्ट असू द्या. कुठलीही हद्द हलवण्याआधी उघडा अभ्यास. खर्च राज्य सरकारचा आणि आपलं पाणी पिणाऱ्या मुंबई महापालिकेचा. तो कुणी फुकट देत नाही, आपल्या पाण्याच्या थकबाकीतला तो चिल्लर भाग आहे. प्रश्न काय विचारायचे ते वाडी-पाडे-वस्तीच्या सभेत ठरतील. अहवाल मराठीत, ग्रामसभेत मोठ्यानं वाचलेला. त्यानंतर मत.

शिकलेल्या पोरांनो, ही कामं तुमची. पंचायतीचा जमाखर्च माहितीच्या अधिकारात मागा. घरपट्टीच्या पावत्या जमवा. टँकरच्या फेऱ्या मोजून लिहा. सरकारचा अभ्यास येईपर्यंत आपली वही आपण उघडायची.