पोरांना घेऊन वसई बघताना

भाताची झोडणी उरकली की पुष्कळ घरांतून नालासोपारा-विरारकडे जाणं होतं. कुणाचा दीर तिकडे राहतो, कुणाची लेक तिकडे दिलेली. बरोबर दोन-तीन कच्चीबच्ची असतातच. तिकडची मंडळी हौसेनं बेत आखतात: सकाळी जीवदानी, दुपारी वसईचा किल्ला, संध्याकाळी अर्नाळ्याचा समुद्र. मोठ्या माणसांना हे झेपतं. पाच वर्षांच्या पोराला नाही.

जीवदानीच्या पायऱ्या तेराशेच्या वर. पोर पहिल्या दोनशे धावत चढतं, पुढच्या शंभरांना रडतं आणि उरलेल्या बापाच्या खांद्यावरून. खाली येईतो ते झोपलेलं. मग त्याला किल्ला दाखवला काय नि न दाखवला काय! देवीच्या दर्शनाला दिवस वेगळा ठेवावा. एका दिवशी एकच ठिकाण, असं माझं सांगणं आहे.

आणि पहिलं ठिकाण सोपाऱ्याचा स्तूप. नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला उतरून रिक्षानं जाता येतं. गावाचं जुनं नाव शूर्पारक. शूर्प म्हणजे आपलं पाखडायचं सूप, आणि सूप विणतो बुरुड. म्हणूनच की काय, या टेकाडाला लोक 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ते उकरलं. आत विटांची खोली, खोलीत दगडाचा मोठा गोल करंडा. त्याचं झाकण काढलं तर मध्ये तांब्याची डबी आणि भोवती बुद्धाच्या आठ मूर्ती. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या डबीत दगडाची, तिच्यात स्फटिकाची आणि सगळ्यांत आत सोन्याची. त्या सोन्याच्या डबीत काय निघावं? सोन्याची फुलं आणि मातीच्या भांड्याची बारीक खापरं! बुद्धाच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून ती कुणीतरी इतक्या मायेनं जपून ठेवली होती.

हा ठेवा आता मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहे. जागेवर विटांचा ढिगारा दिसतो, म्हणून "तिथं बघायला आहे काय?" असं म्हणून लोक पुढं जातात. तुम्ही निघताना एकात एक बसणारे चार डबे पिशवीत घाला, सगळ्यांत आतल्यात खाऊ ठेवा आणि गोष्ट सांगत एकेक डबा पोरांना उघडायला द्या. सोन्याच्या डबीत खापरं कशाला, हे एखादं पोर विचारीलच. उत्तराची घाई करू नका, आधी त्यालाच काय वाटतं ते ऐका.

किल्ल्याला दुसरा दिवस. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या सैन्यानं किल्ला जिंकला. मोठ्यांना एवढं पुरे, लहानांना तेही जास्त. त्यांना तटाची जाडी हातांनी मोजू द्या, भिंतीत घुसलेली झाडाची मुळं दाखवा, छप्पर उडालेल्या चर्चमधून आभाळ बघू द्या. पण पडक्या जिन्यांवर चढू देऊ नका. विहिरी आहेत, त्यांच्या काठाशी पोर एकटं सोडू नका. किल्ल्यातूनच जेटीकडे रस्ता जातो, त्यावर वाहनं असतात. रानात वाढलेलं आपलं पोर सापकिरड्याला जपतं, मोटारीला जपत नाही. जेटीवरून भाईंदरला वाहनंसुद्धा नेणारी बोट फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. मोटार बोटीत शिरताना बघायला मिळाली, तर पोरं किल्लासुद्धा विसरतील!

लोकलचं मात्र हसण्यावारी नेऊ नका. सकाळी चर्चगेटकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी विरारकडे परतणाऱ्या गाडीत लेकरू घेऊन चढूच नये. गर्दीत धरलेला हात केव्हा सुटतो, कळत नाही. अकरानंतर निघा, चारच्या आत परता. पोराच्या खिशात नाव आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवा.

येताना आगाशीची सुकेळी मिळाली तर जरूर घ्या. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली असतात, प्रवासात टिकतात आणि पोरं मुकाट्यानं खातात. हात तेवढे चिकट होतात, ओलं फडकं जवळ असू द्या.