एकोणसत्तरचा बाँड, एकाहत्तरचा बाँड

पुढचा जेम्स बाँड कोण, यावर चाहते ज्या तावातावाने भांडतात ते पाहून एखाद्या संस्थानाच्या गादीला वारस नेमायचा आहे असे वाटावे. एका पक्षाचे म्हणणे, लेखक इयन फ्लेमिंगने बाँडचे रूप आणि कूळ एकदा ठरवून दिले आहे, त्यात ढवळाढवळ नको. दुसरा पक्ष म्हणतो, काळ बदलला. कृष्णवर्णीय नट घ्या, हिंमत असेल तर बाई घ्या, मालिकेत आपोआप जीव येईल. दोन्ही पक्ष चेहऱ्यावरच अडले आहेत आणि माझा आक्षेप तिथेच आहे.

आधी मूळनिष्ठांचा पूर्वपक्ष पाहू. १९५३ सालच्या ‘कसिनो रोयाल’ या पहिल्या कादंबरीतला बाँड काळ्या केसांचा आहे, त्याच्या उजव्या गालावर व्रण आहे आणि तो दिवसाला साठ-सत्तर सिगारेटी ओढतो. २००५ च्या ऑक्टोबरात डॅनियल क्रेगचे नाव जाहीर झाले, तेव्हा त्याच्या सोनेरी केसांवरून केवढा गहजब झाला! सिनेमावर बहिष्कार टाका म्हणणारेही निघाले. गालावरच्या व्रणासाठी मात्र कोणी बहिष्कार पुकारल्याचे ऐकिवात नाही. सिगारेटी सुटल्या, व्रण गेला, त्याचे कोणाला सुतक नाही. पुस्तकाची आठवण फक्त नावडता नट आला की होते.

कुळाचेही तेच. पडद्यावरचा पहिला बाँड १९५४ साली अमेरिकन टेलिव्हिजनवर आला. बॅरी नेल्सन हा अमेरिकन नट त्यात ‘जिमी’ बाँड झाला होता. शॉन कॉनरी एडिनबरोच्या कामगारवस्तीतला, पोरवयात दूध पोचवणारा. त्याची निवड फ्लेमिंगला सुरुवातीला मुळीच रुचली नव्हती. ‘डॉक्टर नो’ १९६२ मध्ये चालला आणि मग लेखकानेच नंतरच्या कादंबरीत बाँडला स्कॉटिश बाप दिला. म्हणजे ज्या ‘मुळा’ची शपथ घेतली जाते ते मूळच नटाकडे पाहून बदलले. पुढे जॉर्ज लेझनबी ऑस्ट्रेलियाचा, टिमथी डाल्टन वेल्समध्ये जन्मलेला, पिअर्स ब्रॉस्नन आयरिश. इंग्रज रक्ताचा आग्रह धरणाऱ्यांनी ही यादी एकदा स्वस्थ बसून वाचावी.

राहिला वर्णाचा प्रश्न. बाँडचा सीआयएमधला मित्र फेलिक्स लायटर पुस्तकात गोरा आहे. २००६ पासून ती भूमिका जेफ्री राइटने केली आणि कुठेही आभाळ कोसळले नाही. गोष्ट पन्नाशीच्या दशकात घडवणार असाल, तर त्या काळच्या ब्रिटिश हेरखात्यात कृष्णवर्णीय अधिकारी खटकेल, हे मी मान्य करतो. पण मालिका नेहमी स्वतःच्या काळात घडत आली आहे, आणि आजच्या लंडनमध्ये हा आक्षेप टिकत नाही. बाईचे म्हणाल, तर हेरखात्याच्या प्रमुखपदी बाई असणे १९९५ मध्ये जूडी डेंचमुळे पडद्यावर रुजले; प्रत्यक्ष एमआय-सिक्सला पहिली स्त्रीप्रमुख २०२५ मध्ये मिळाली.

एक तिसरी टोळीही आहे. तिच्या मते ‘जेम्स बाँड’ हे टोपणनाव असून ते एका हेराकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणूनच चेहरे बदलतात. ही पळवाट चलाख आहे, पण खोटी. १९६९ च्या चित्रपटात लेझनबीच्या बाँडची बायको मारली जाते आणि १९८१ मध्ये तिच्या थडग्यावर फुले ठेवायला रॉजर मूर जातो. माणूस एकच आहे. प्रेक्षकाने एवढे पोटात घालावे, नाट्यगृहात आपण घालतोच.

आता सुधारकांकडे वळू. चेहरा बदला म्हणजे बाँड सुधारेल, ही त्यांची श्रद्धा. तिची परीक्षा मालिकेनेच घेऊन ठेवली आहे. १९६९ चा ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’ घ्या. कॉनरी सोडून गेला होता. लेझनबी जाहिरातींतला मॉडेल, अभिनयाचा अनुभव जवळजवळ शून्य. कॉनरीच्याच शिंप्याकडचा सूट आणि कॉनरीच्याच न्हाव्याकडून कापलेले केस घेऊन तो काम मागायला गेला. नक्कलच म्हणायची! तरीही तो चित्रपट आज जाणकार पहिल्या रांगेत बसवतात, कारण कथेला कणा आहे, समोर डायना रिग आहे आणि दिग्दर्शक पीटर हंटने शेवट गोड करण्याचा मोह टाळला आहे. दोनच वर्षांनी, १९७१ मध्ये, विक्रमी मानधन देऊन ‘खरा’ बाँड परत आणला गेला. ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’मध्ये कॉनरी आहे, लास व्हेगास आहे, चांद्रगाडीतून पळापळ आहे, नुकत्याच मारल्या गेलेल्या बायकोचे नावही कोणी काढत नाही. गल्ला या दुसऱ्या चित्रपटाने अधिक भरला, हे नाकारत नाही. पण आज पुन्हा कोणता पाहवतो, ते ज्याचे त्याने सांगावे. चुकीचा चेहरा आणि चांगली कथा एकीकडे, अस्सल चेहरा आणि पोकळ कथा दुसरीकडे. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार?

हा योगायोग म्हणावा, तर क्रेगकडे पाहा. २००६ च्या ‘कसिनो रोयाल’ने सोनेरी केसांचा वाद संपवला. तोच नट २००८ च्या ‘क्वांटम ऑफ सोलेस’मध्ये हरवल्यासारखा वाटतो. हॉलिवूडच्या लेखकांचा संप होता, संहिता अर्धवट होती आणि क्रेगवर स्वतःच प्रसंग लिहायची वेळ आली. आणखी एक गोष्ट चाहत्यांच्या भांडणात क्वचितच निघते. ब्रॉस्ननचा पहिला बाँडपट १९९५ चा, क्रेगचा २००६ चा, आणि दोन्हींचा दिग्दर्शक एकच, न्यूझीलंडचा मार्टिन कॅम्बेल. दोन नवे बाँड लोकांच्या गळी उतरवणाऱ्या या माणसाचे नाव किती चाहत्यांना सांगता येईल?

चेहऱ्याला किंमत नाही, असे मी म्हणत नाही. मूरची भुवई नसती तर सत्तरच्या दशकातला थट्टेखोर बाँड जमला नसता, आणि डाल्टनने फ्लेमिंग पुन्हा वाचून जो कठोरपणा आणला तो मूरच्या अंगावर शोभला नसता. (बिचारा डाल्टन! त्याचा जो रुक्षपणा १९८९ मध्ये टोचला, तोच पुढे क्रेगमध्ये गुण ठरला.) नट हवा तो विशिष्ट कथेसाठी, कथा ठरण्याआधी नटाचे माप घेण्यात अर्थ नाही. बाईला बाँड करण्याची मागणी मला याच कारणाने आळशी वाटते. स्त्री हेर हवी तर तिच्यासाठी नवी व्यक्तिरेखा घडवा, पुरुषाचा उतरवलेला कोट तिला कशाला?

२०२५ मध्ये मालिकेची सूत्रे ब्रॉकली घराण्याकडून ॲमेझॉनकडे गेली, तेव्हा मीही धास्तावलो होतो. पण नव्या निर्मात्यांनी आधी दिग्दर्शक म्हणून दनी व्हिलनव्ह नेमला, मग लेखक म्हणून स्टीव्हन नाइट. नटाचे नाव तेव्हा जाहीर झालेले नव्हते. क्रम बरोबर आहे. नाइट हा ‘पीकी ब्लाइंडर्स’चा कर्ता, पहिल्या महायुद्धाने आतून मोडलेल्या माणसांचे गुन्हेगारी जग उभे करणारा, आणि बाँडही मुळात युद्धातून आलेला नौदलाचा कमांडर आहे. चाहत्यांनी नटांच्या नावांवर खुशाल पैजा लावाव्यात. मला उत्सुकता आहे ती नाइटने लिहिलेल्या कागदांची.