आधी गोडी, मग निवड : लोकप्रिय कादंबऱ्या आणि आपली मुलं



पालकसभेत एक तक्रार हमखास येते, "सर, मुलगा वाचतच नाही." आणि कधी वाचत असेल तर दुसरी येते, "वाचतो हो, पण नको ते वाचतो." भुताच्या गोष्टी, गुप्तहेरांच्या कथा, कॉमिक्स. 'चांगलं' काही वाचायला सांगा, असा आग्रह असतो. या आग्रहाबद्दल आज थोडं बोलू या.

मराठी वाचकाची जी पिढी आपण अभिमानाने आठवतो, ती वाचायला कशी लागली? बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय ही नावं त्या काळी घराघरांत माहीत होती. पुस्तकं छोटी, भाषा साधी, आणि प्रकरण अशा ठिकाणी संपायचं की पुढचं पान उलटल्याशिवाय चैन पडू नये. तेव्हाही घरात ओरडा बसायचाच. अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचणारी मुलं होतीच. पण त्या लपवून वाचण्यातूनच डोळ्यांना मराठी ओळींची सवय लागली. एका बैठकीत शंभर पानं वाचायचा दम व्याकरणाच्या तासाला येत नाही, तो अशा पुस्तकांनी येतो.

मोठ्यांची काळजी तेव्हाही कमी नव्हती. चंद्रकांत काकोडकरांच्या 'श्यामा' या लिखाणावर अश्लीलतेचा खटला झाला आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६९ साली न्यायालयाने ते अश्लील नसल्याचा निर्णय दिला. म्हणजे 'तरुण पिढी कादंबऱ्यांनी बिघडते' ही भीती मोबाईलच्या कितीतरी आधीची आहे.

आता दुसरी बाजू. लोकप्रिय म्हणजे हलकं, हे समीकरणही त्याच काळात खोटं ठरलं. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची, रणजित देसाईंची 'स्वामी' १९६२ ची, शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' १९६७ ची. 'ययाति' आणि 'स्वामी' या दोन्हींना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. तिन्ही पुस्तकांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, अजून निघतात. लग्नात, वाढदिवसाला भेट म्हणून दिली गेलेली ही पुस्तकं आहेत. ज्या घरात एरवी पुस्तकांचं कपाट नाही, तिथेही यांतलं एखादं सापडतं.

मग सगळं छानच आहे का? नाही. रहस्यकथांचा साचा ठरलेला असतो, दहा वाचल्या की अकरावीचा शेवट कळतो. आणि ऐतिहासिक-पौराणिक कादंबऱ्यांत वेगळाच धोका आहे. मुलं (आणि आपणही!) कादंबरीलाच इतिहास समजतात. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला वारले, रमाबाई सती गेल्या, हा इतिहास. पण त्या दोघांचे एकांतातले संवाद देसाईंच्या कल्पनेतले आहेत. 'ययाति'तली अलका महाभारतात नाही, ती खांडेकरांनी निर्माण केली. लेखकाला हे स्वातंत्र्य आहेच. पण वाचणाऱ्याला ते कळायला नको का?

माझं म्हणणं इथेच आहे. पुस्तक हातातून काढून घेऊन हा धोका टळत नाही. त्यावर बोलल्याने टळतो. आणि बोलायचं तर आधी मुलाने ते वाचलेलं हवं!

वर्गात सहज करता येतील अशा तीन गोष्टी सुचवतो.

१. रहस्यकथेचं शेवटचं प्रकरण बाजूला ठेवा. मुलांना शेवट लिहू द्या आणि 'हे कशावरून?' एवढंच विचारा. पुरावा शोधायला मुलं आपोआप मागची पानं उलटतात. आकलन म्हणजे दुसरं काय?

२. 'स्वामी'तला एक प्रसंग घ्या. फळ्यावर दोन रकाने करा : 'इतिहासात नोंद आहे' आणि 'लेखकाने कल्पिलं'. नववी-दहावीची मुलं यात रंगून जातात, आणि इतिहासाच्या सरांनाही सोबत घेता येतं.

३. 'मृत्युंजय' सहा जणांच्या तोंडून सांगितली आहे. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि श्रीकृष्ण. पाठ्यपुस्तकातला कुठलाही धडा असाच दुसऱ्या पात्राच्या तोंडून लिहायला द्या. निबंधाचा ठराविक साचा मोडायला याहून सोपा उपाय नाही.

पालकांना एकच विनंती. मूल जे वाचतंय ते आधी तुम्ही चाळा. वयाला अगदीच न पेलणारं असेल तर जरूर थांबवा, पण कारण सांगून. बाकीच्या वेळी "काय झालं पुढे?" असं विचारा. मार्कांसाठी नाही, खरंच ऐकायचं म्हणून विचारा. आणि घरात तुमच्याही हातात कधीतरी पुस्तक दिसू द्या.

अर्नाळकर वाचणारा प्रत्येक जण पुढे 'कोसला'पर्यंत पोचला असं नाही, आणि पोचायलाच हवं असंही नाही. पण ज्याला पहिल्या पायरीवरूनच हाकलून दिलं, तो वर चढणार तरी कसा? आज आपल्या मुलांसमोर खरी निवड हलकं पुस्तक की चांगलं पुस्तक अशी नाहीच. ती पुस्तक की मोबाईल अशी आहे. अशा वेळी मूल स्वतःहून एखादं मराठी पुस्तक उचलत असेल, तर आधी त्याला ते पूर्ण करू द्या. चर्चा नंतर करू.

तुमच्या वर्गात मुलं आवडीने काय वाचतात, ते जरूर कळवा.