मोटारीचा पोचा आणि घरगुती उपाय

गेल्या महिन्यांत आमच्या मुलीनें गाडी मागें घेतांना ती फाटकाच्या खांबास लावली. मागचा बंपर कोंपऱ्याशीं आंत दबला व डाव्या दारावर तळहाताएवढा पोचा पडला. गाडीहून अधिक धक्का मुलीलाच बसला. परवाना हातीं येऊन पुरते दोन महिनेही झाले नव्हते, आणि त्या दिवसापासून ती किल्लीस हात लावीना. विम्याची भरपाई मागावी, तर एवढ्याशा कामासाठीं पुढील हप्त्यांतील सवलत जावयाची. तेव्हां लोक सांगतात ते उपाय आम्हीं दोघींनींच करून पाहिले.

पोचा केंस वाळविण्याच्या यंत्रानें तापवून त्यावर लगेच बर्फ फिरवावा, म्हणजे पत्रा आपोआप बाहेर येतो, असें म्हणतात. तीन वेळां केलें. दार ओलें झालें, एवढेंच. पोलादाचा १० सेंटिमीटर पत्रा ५० अंशांनीं तापविला, तरी तो वाढतो अवघा ०.०६ मिलिमीटर! मुरडलेल्या पत्र्यास तेवढ्यानें काय होणार? कोणी कोरडा बर्फ सुचवितात. तो उणे ७८ अंशांचा असून कातडी भाजतो, व बंद जागेंत त्याचा वायु कोंडल्यास जिवावर बेततें. त्याच्या वाटेस आम्ही गेलों नाहीं.

मोरी तुंबली असतां वापरतात ती दांड्याची रबरी वाटी (नवी आणली, हें सांगितलेलें बरें) ओली करून दारावर दाबली व ओढली. चौथ्या ओढीस पोच्याचा पसरट भाग बाहेर आला, मधली मुरड मात्र राहिली. पसरट भागांत पत्रा नुसता वांकलेला असतो, म्हणून तो उसळून मूळ जागीं येतो. मुरडींत तो ताणला जाऊन तसाच बसतो. तेथें आंतून सळईनें हळूहळू रेटणारा कसबी हातच हवा; तांबटही भांड्याचा पोचा आंतूनच ठोकून काढतो.

बंपराची गोष्ट निराळी. तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकाचा असतो व उष्णतेनें मऊ पडतो. किटलीभर उकळतें पाणी मीं वरून ओतलें, थांबून मुलीनें जाड हातमोजे घालून मागून रेटा दिला. ठप्प असा आवाज झाला आणि कोंपरा जागेवर आला. लागलीच गार पाणी ओतलें.

त्या सायंकाळीं भाजी आणावयास गाडी तिनेंच काढली. दारावरची मुरड अजून आहे. रंग उडालेला नाहीं व गंजाची भीति नाहीं, म्हणून आम्हीं ती तशीच ठेविली आहे.