मुठीतला श्वास

२५ ग्रॅमचा उंदीर तळहातावर घेतला तर वजन जाणवतही नाही. एका श्वासात तो जेमतेम ०.२ मिलिलिटर हवा घेतो. पाण्याच्या चार थेंबांएवढी. प्रयोगासाठी भूल दिली की हा इवलासा श्वास आपल्या हवाली होतो.

मान जराशी दुमडली, घशात लाळ साचली, तरी श्वास कोंडतो. म्हणून मान सरळ ठेवायची, जीभ अलगद बाजूला घ्यायची आणि छातीच्या हालचालीवरून नजर हटू द्यायची नाही. उंदराला उलटी करता येत नाही, त्यामुळे भूल देण्याआधी त्याला उपाशी ठेवायचे सहसा कारण नसते. उलट उपाशीपोटी रक्तातली साखर उतरते. अंग चटकन गार पडते, म्हणून खाली ऊब हवी. डोळे उघडेच राहतात, म्हणून त्यांत मलम हवे. सशाची अडचण वेगळी: तोंड अरुंद, घसा नाजूक. श्वासनलिकेत नळी घालताना घाई केली तर सूज येते.

शस्त्रक्रियेचे प्रयोग शक्यतो पुरेशी भूल देऊनच व्हावेत, असे आपला १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा सांगतो. पण कायदा हात शिकवत नाही. ते काम सरावाचे आहे, आणि आधी प्राण्याच्या प्रतिकृतीवर करायचे आहे. गुदमरलेल्या प्राण्याकडून मिळालेली आकडेवारीही विश्वासाची नसते. विज्ञान आणि करुणा इथे एकाच वाटेने चालतात.

हा अंक त्या सरावासाठी आहे. जो जीव आपल्यासाठी झोपतो, त्याला नीट जागे करणे हे आपले कर्तव्य आहे.